समुद्र नसलेली चित्रं

आंजर्ले,
मार्चअखेर

प्रिय सुमे,

परवा फोनवर माझ्या सासूबाईंच्या चित्रांवरून तू म्हणालीस, ‘तुमच्या घरात ग्रँडमा मोझेस निघाली की गं!’ मी हसले आणि आंब्याच्या मोहोरावर बोलायला लागले. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. फोनवर मला भांडता येत नाही. पलीकडे तुझा कुकर शिट्ट्या मारत असतो. म्हणून हे पत्र. लांबणार आहे, चहा घेऊन बस.

अमेरिकेतल्या त्या चित्रकार मोझेसबाईंबद्दल माझं काही म्हणणं नाही. १८६०चा जन्म, सगळं आयुष्य शेतावर राबण्यात गेलं, हौस म्हणून लोकरीचं भरतकाम. संधिवातानं सुई धरवेना तेव्हा ब्रश धरला. १९३८ साली गावातल्या औषधाच्या दुकानात मांडलेली त्यांची चित्रं एका संग्राहकाच्या नजरेला पडली आणि १९४० मध्ये, ऐंशीव्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये पहिलं स्वतंत्र प्रदर्शन झालं. एकशे एक वर्षं जगल्या. पण लोकांनी त्यांचं केलं काय? शुभेच्छापत्रं. बर्फ, लाल कोठारं, घोडागाडी आणि चष्म्यातली गोड आजी. चित्राआधी वय बघायची सवय लागली की चित्र बघायचं राहूनच जातं. इथं आमच्याकडे नेमकं तेच सुरू झालंय.

दिवाळीत कुणा पाहुण्यांनी मोबाईलवर सासूबाईंचा व्हिडिओ काढून पाठवला आणि तो गावभर फिरला. तेव्हापासून जो येतो तो दारातूनच ‘या वयात! कमाल आहे हो आजी!’ असं म्हणत येतो. चहा पितो, आजींबरोबर फोटो काढतो आणि जातो. चित्राजवळ जाऊन चष्मा सावरून बघणारा माणूस मला अजून भेटायचाय. तो तू व्हावंस म्हणून हा सगळा खटाटोप.

सुरुवात कशी झाली ते तुला मी कधी नीट सांगितलं नाही. ३ जून २०२०चं निसर्ग वादळ तुला आठवत असेल. ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आलं, पण दापोली-मंडणगडलाही त्यानं सोडलं नाही. आमच्या आगरातल्या पोफळी मधोमध मोडल्या, माड मुळासकट आडवे झाले, माजघरावरची कौलं उडाली. विजेचा पुढं कित्येक आठवडे पत्ता नव्हता. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक पावसात उघडी पडली होती. तिच्यात आईंच्या माहेरचे फोटो. (सासूबाईंना मी आईच म्हणते, तेव्हा पुढं गोंधळू नकोस.) मी एकेक फोटो सुटा करून वाळत घालायला बघत होते, पण जुन्या फोटोवरचा थर पाण्यानं फुगला की सुटून येतो. कागद एकीकडे राहतो आणि चेहरा बोटाला लागून येतो.

आई खुर्चीत बसून बघत होत्या. रडल्या वगैरे नाहीत. म्हणाल्या, ‘नाहीतरी बायका होत्या किती त्यात? मेली दोन लग्नं आणि एक मुंज.’ रात्री कंदिलाच्या उजेडात माझ्याकडे पेन्सिल मागितली. ‘नीट टोक काढून दे. आईची हनुवटी विसरायच्या आत काढून ठेवते.’

तेव्हा त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. आणि ही तीच बाई बरं का, जिनं उभ्या जन्मात माझ्या नोकरीला ‘शाळेत चितारकी करून येते’ यापलीकडे दुसरं नाव दिलं नाही. रंगाचे हात स्वैपाकघरात धुवायचे नाहीत, मागच्या मोरीवर धुवायचे, हा नियमही त्यांचाच. आता त्याच मोरीवर माझ्या ब्रशांची रांग असते आणि त्यातला दोन नंबरचा चांगला ब्रश हमखास त्यांच्याकडे असतो.

हनुवटी पहिल्या झटक्यात जमली नाहीच. पण बाई चिवट. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर त्या हनुवट्याच काढत बसल्या. मग कान, मग कानातल्या बुगड्या, मग पुरी आई. पुढं माझ्या कपाटातला कार्ट्रिज पेपर आणि कॅमलच्या बाटल्या त्यांच्या ताब्यात कधी गेल्या ते कळलंसुद्धा नाही.

आपल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांचं स्मरणचित्र तुला माहीत आहे. बसस्टॉप, भाजीबाजार, गणपती विसर्जन. पाच-सहा आकृत्या पाठ: एक पाठमोरा, एक छत्रीवाला, एक वाकलेली बाई. त्या विषयाप्रमाणे फिरवून बसवायच्या, मोठी एक पुढं, बारक्या मागं, झाले मार्क. आईंकडे अशी एकही पाठ आकृती नाही. ‘बसलेली बाई’ त्यांना काढताच येत नाही. कोण बसलीय ते आधी ठरावं लागतं. विळीवर त्यांची आई बसते ती किंचित उजवीकडे कलून, कारण डाव्या कुल्ह्यात वात. धाकटी काकू बसते ती पदर कमरेला खोचून, उठायच्या तयारीत, कारण तिला सतत कुणीतरी हाक मारत असे. चेहरे जवळजवळ सारखे आहेत, पण पाठीवरून ओळखता येतात. मी तीस वर्षं मुलांना प्रमाणबद्धता शिकवली, पण वात कसा काढायचा ते मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

आता दोन-तीन चित्रं सांगते.

एक आहे कावळ्याचं. मागल्या पडवीच्या कोपऱ्यात तरटावर एक तरुण बाई बसलीय आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून तिच्याएवढाच थोरला कावळा निजलाय. लहानपणी आपल्याला सांगायचे ना, आईला कावळा शिवलाय, तिच्याजवळ जाऊ नको, तोच हा. काळा रंग नुसता काळा नाही. त्यात कपड्यांना घालायची नीळ कालवलीय, त्यामुळे पंख उजेडात वेगळेच दिसतात. आणि ती बाई काय करतेय? एकटीच सागरगोटे खेळतेय. एक सागरगोटा हवेत आहे. मी म्हटलं, ‘आई, वरून पाणी ओतायचे, ताट लांबून सरकवायचे, ते कुठंय यात?’ म्हणाल्या, ‘ते होतंच. ते काय काढायचं? पण तेवढे तीन दिवस मला कोणी हाक मारत नसे.’ इथल्या एक बाई हे चित्र बघून ‘अय्या, पक्ष्यांवर किती माया!’ म्हणाल्या. आईंनी मान डोलावली. मीही गप्प बसले.

दुसरं बाळंतिणीच्या खोलीचं. त्यातली बाज वरून दिसते, सपाट, आणि बाजेखालची शेगडी मात्र समोरून. शाळेत असते तर मी लाल पेननं गोल केला असता. पण कारण ऐक. आईंना पाठची भावंडं पुष्कळ. दर वेळी मुलींना खोलीबाहेर काढत, तेव्हा ही माळ्यावर चढून फळ्यांच्या फटीतून खाली बघे. म्हणून बाज वरून. आणि शेगडीत निखारे घालायचं काम तिचंच, म्हणून शेगडी समोरून, अगदी जवळून. धुराचा पट्टा मधून गेलाय आणि बाळंतिणीचं तोंड त्यात निम्मं बुडालंय. बाळ कुठंच नाही. विचारलं तर म्हणाल्या, ‘बाळाला बघायला सगळे होतेच.’

पुरुष या चित्रांत फार कमी. आमचे हे एकदा जरा लागल्यासारखे म्हणाले, ‘आई, बाबा एकाही चित्रात नाहीत?’ आईंनी काडीनं दाखवलं: ‘ते काय, वलाणीवर.’ वलाणीवर एक धोतर वाळत होतं. बरं, धोतर काढलंय मात्र मन लावून. निऱ्यांच्या चुण्या, काठ, एका टोकाला उडालेला डाग. हे त्यानंतर पुन्हा काही विचारायला गेले नाहीत.

आणि समुद्र नाही. हे तुला मुद्दाम सांगायचंय. आंजर्ल्यातलं घर, कड्यावरच्या गणपतीच्या वाटेवर गेलं की खाली सगळा किनारा, पलीकडे हर्णै बंदर आणि सुवर्णदुर्ग. तुझ्यासारख्या पाहुण्यांना वाटतं, इथला माणूस चित्र काढणार तर लाटाच काढणार. एका रिसॉर्टवाल्यानं तर तशी ऑर्डरच दिली होती: खोल्यांत लावायला समुद्र, होडी, नारळ, ‘कोकणी टच’ पाहिजे. पैसेही बरे देत होता. आईंनी दोन चित्रं करून पाहिली आणि सपशेल फसली. निळं पाणी, त्यावर पांढऱ्या रेघा, जणू कुणीतरी दुसऱ्यानं काढलेली. माझ्या मते कारण सोपं आहे. मुरुडचं माहेर समुद्राला लागून, आंजर्ल्याचं सासर समुद्राला लागून, पण घरातल्या बायका समुद्रावर जायच्या कधी? अस्थी विसर्जनाला पुरुष गेले, फिरायला मुलं गेली, बंदरावर कोळणी गेल्या. ब्राह्मणाच्या घरातली सून रात्री कामं आटपल्यावर पाठ टेकायची तेव्हा तिला गाज ऐकू यायची, तेवढाच तिचा समुद्र. ऐकलेली गोष्ट त्या काढत नाहीत. ऑर्डरचे पैसे परत केले आणि ती दोन चित्रं उलटी करून त्यांच्या पाठीवर पोह्याचे पापड वाळत घातले.

आता ज्याच्यासाठी तुला बोलावतेय ते चित्र.

मुरुडच्या घरात आईंच्या वडिलांची एक आत्या होती. नवव्या वर्षी विधवा झालेली. लाल आलवण, सोवळं, सोप्यात कधी यायची नाही, सगळ्या घराचा स्वैपाक तिच्या हातचा. आणि गाव कुठलं, तर महर्षी अण्णा कर्व्यांचं! १८९३ साली कर्व्यांनी देवरुखच्या गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केलं तेव्हा याच मुरुडनं त्यांच्यावर बहिष्कार टाकला होता. पुढं काळ पालटला, गाव अभिमानानं त्यांचं नाव सांगू लागलं. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, कर्व्यांना भारतरत्न मिळालं तेव्हा ही आतेआजी हयात होती. ओटीवर पुरुषमंडळींची चर्चा चालली होती, ती माजघरात तिला ऐकू आली. आई तेव्हा सोळा वर्षांच्या, शेजारीच तांदूळ निवडत बसलेल्या. आतेआजी एवढंच म्हणाली, ‘बरं झालं हो,’ आणि पुन्हा खडे वेचायला लागली. तोवर तिच्या डोईवर केस असे कधी वाढलेच नव्हते. न्हावी मागल्या दारी यायचा आणि त्या वेळी मुलींना आगरात पिटाळून देत.

ही आतेआजी आईंनी काढायला घेतली आणि लाल रंगावर अडल्या. बाटलीतला तांबडा फार झगझगीत. काव कालवून पाहिली, ती फार मातकट. शेवटी विहिरीजवळच्या पडक्या गडग्यातला जांभ्याचा एक तुकडा आणला, सहाणेवर पाण्याबरोबर उगाळला, डिंक घातला आणि त्यात थोडा तांबडा. तासन्‌तास उगाळत बसायच्या. मी शेजारून म्हटलं, ‘आई, त्यात कुंकू घालू या का? तिला जे मिळालं नाही ते.’ त्यांनी सहाणेवरून मान वर केली. ‘तिला कुंकू नको होतं गो. तिला केस हवे होते.’

चित्रात ती पाठमोरी खळ्यात बसलीय, नुकती न्हालेली. आलवण खांद्यावरून उतरलंय. आणि केस, सुमे! काळेभोर नव्हे, साठीच्या बाईचे, मधून मधून पिकलेले, पण जमिनीवर लोळणारे. खळ्यात सुपाऱ्या वाळत घातल्यात आणि केस त्यांच्या मधून वाट काढत पार रहाटापर्यंत गेलेत. बट न् बट सुटी काढलीय. कित्येक दुपारी त्या एवढंच करत होत्या, तोंडानं काही न बोलता. कोपऱ्यात घाटावरच्या गाठोड्यासारखं काहीतरी आहे. ती न्हाव्याची धोकटी आहे, बंद. चेहरा दिसत नाही. ‘चेहरा काढणार नाही का?’ म्हटलं, तर म्हणाल्या, ‘तिचा चेहरा मी बघितलाय, लोकांना कशाला?’

हे चित्र मी कुणाला दाखवत नाही. दाखवलं की कुणीतरी ‘या वयात!’ म्हणेल आणि मी त्याला चहासुद्धा देणार नाही.

आता तू म्हणशील, सासूचं कौतुक करायला लागली ही. तसं नाही. सगळी चित्रं चांगली नाहीत. पाळणा, तुळशीवृंदावन, मोदक वळणाऱ्या बायका, ही नुसती गोड आहेत आणि येणाऱ्यांना नेमकी तीच आवडतात. रिकामी जागा आईंना सोसत नाही. कोपरा मोकळा दिसला की तिथं गोपद्मं नाहीतर ज्ञानकमळ भरून टाकतात. हात फार मोठे काढतात. (ते मात्र मला आताशा आवडायला लागलंय.) निवड कडक करावी लागेल आणि ती मला करता येत नाही, मी घरातली. नको म्हटलं तर सून म्हणून बोलले, हो म्हटलं तरी सून म्हणून.

वयाचंच म्हणशील तर मध्य प्रदेशातल्या उमरियाच्या चित्रकार जोधईयाबाई बैगा घे. लाकडं विकून, मजुरी करून आयुष्य काढलं, सत्तरीच्या आसपास ब्रश हाती आला, २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्याविषयी जे जे छापून आलं त्यातलं निम्मं वयाबद्दल. त्यांच्या झाडांबद्दल, वाघांबद्दल किती जणांनी लिहिलं? उलट ती शिल्पकार लुईज बुर्ज्वा बघ. आईवडिलांचा जुनी विणलेली भित्तिवस्त्रं दुरुस्त करायचा धंदा, जन्म १९११चा, मोठं प्रदर्शन मिळालं ते १९८२ साली, सत्तरी गाठल्यावर. आईची आठवण म्हणून तिनं १९९९ मध्ये तीस फुटी पोलादी कोळी उभा केला. तिला कुणाची गोड आजी म्हणायची छाती झाली नाही. मी आईंना मोबाईलवर त्या कोळ्याचा फोटो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘पोटात अंडी ठेवलीत ना?’ ठेवलीत, संगमरवरी. ‘मग ठीक आहे,’ म्हणाल्या. मला वाटतं, त्या बाईंना ही दाद आवडली असती.

आता कामाचं. पोस्टर कलरमध्ये डिंक असतो आणि आमच्या पावसाळ्यात त्या डिंकावर बुरशी धरते. गेल्या वर्षी बाळंतिणीच्या चित्रावर पांढरे ठिपके आले, ते मी कोरड्या ब्रशनं झाडून काढले, पण डाग राहिलेत. तूर्त सगळी चित्रं लोखंडी कपाटात उभी ठेवून आत पिवळा बल्ब लावते, जुने कॅमेरेवाले भिंगांसाठी लावायचे तसा. ॲक्रिलिक आणून दिलं तर आईंना पटत नाही. ते पटकन वाळतं आणि पुसता येत नाही. त्यांना पाण्याचा हात फिरवून पुसता आलं पाहिजे. तेव्हा येताना आम्लरहित माउंटबोर्ड घेऊन ये, जाड. काच चित्राला चिकटता कामा नये, मध्ये फट हवी, हे इथल्या फ्रेमवाल्याला सांगून थकले. त्याच्या मते फट म्हणजे काम कच्चं.

दापोलीत एका हॉलमध्ये पावसाआधी चार दिवस चित्रं लावायचा विचार आहे. तू येऊन निवड कर. खेडला गाडीतून उतर, पुढं दापोलीपर्यंत एसटी आहे, तिथं हे घ्यायला येतील. आईंसमोर जे वाटेल ते बोल, त्यांना चालतं. गुळमुळीत बोललीस तर मात्र तुझं काही खरं नाही.

एकाच गोष्टीवर आमचं अडलंय. मी कार्डाचा मजकूर लिहिला: नाव, गाव, चित्रांचे विषय, बस. वय लिहायचं नाही, व्हिडिओतलं ते ‘आजी’ही नाही. आईंनी चष्मा लावून वाचलं आणि पेन मागितलं. म्हणाल्या, ‘वय घाल. मोठ्या अक्षरात घाल. एवढी जगले ती काय फुकट?’ मी माझं म्हणणं समजावून सांगितलं, मोझेसबाईंसकट. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘ते तुझे मास्तरांचे प्रश्न. लोकांनी आधी वय बघू दे, मग चित्र बघतील. नाही बघितलं तर त्यांचं नशीब.’ कार्ड छापायला द्यायचं अडलंय. दोघीही मागे हटत नाही. तेव्हा ये लवकर आणि हा तंटा तूच सोडव.

तुझी,
बेबी

ता. क. दोन नंबरचे ब्रश दोन आण. एक माझ्यासाठी, लपवून.